तिसरं डोकं

गोदामाचं शटर वर गेलं आणि माणसं जोडीजोडीनं आत घुसली. कुठे नवरा पुढे आणि बायको मागे, कुठे बायको पुढे आणि नवरा तिच्या पाठीआड तोंड लपवत. एकटं कुणीच नव्हतं. दारावर पाटीच होती, 'जोडप्यानेच यावे. एकट्या डोक्यावर इलाज होत नाही.'

एकटा होतो तो मी. एका खांबाआड जागा धरून उभा राहिलो. गोदाम पूर्वी सिमेंटचं होतं. जमिनीवरची राखाडी धूळ अजून बुटांना चिकटत होती. मधोमध सलूनमधली एक फिरती खुर्ची, तिच्याशेजारी टेबल, टेबलावर काचेचा वाडगा, त्यात पिवळसर तेल. खुर्चीमागे पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातला माणूस उभा होता. एका हातात माइक, दुसऱ्या हातात बारीक दातांची फणी. लोक त्याला फणीबाबा म्हणत.

"ऊ कुणाची?" बाबानं विचारलं.

"कुणाचीच नाही!" गर्दी म्हणाली. हा तिसरा रविवार होता, गर्दीला उत्तरं पाठ झाली होती.

"ऊ रक्ताची! ती रक्त पिते. आणि रक्त काय करतं?"

"बोलतं!"

"खोटं बोलतं?"

"नाही!"

बावीस वर्षं मी औषधं विकतोय. रक्त बोलतं हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी ते लॅबला पाठवावं लागतं आणि ते काय बोललं ते संध्याकाळी कागदावर मिळतं. हा माणूस रक्ताला माइकवरूनच बोलायला लावत होता.

"नवऱ्याचं एक डोकं, बायकोचं एक डोकं. दोन डोक्यांच्या संसारात ऊ टिकत नाही. उपाशी मरते बिचारी! ती टिकते कधी? जेव्हा संसारात तिसरं डोकं शिरतं तेव्हा!"

बायकांनी माना खाली घातल्या. नवऱ्यांनी बायकांकडे पाहिलं. बायकांपैकी कुणी नवऱ्याकडे पाहिल्याचं मला दिसलं नाही.

मग इलाज सुरू झाला. खुर्चीत बेकरीवाल्याची बायको बसली, टाळू खाजवून ओरबाडलेली. बाबानं तिच्या केसांत तेल जिरवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं आणि फणी फिरवली. फडक्यावर काळे ठिपके पडले. पाचेक मिनिटं गेली.

"खाज आहे?"

बाईनं हात डोक्याकडे नेला, बोटांनी चाचपलं. "नाही," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "नाही हो! अजिबात नाही!"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. बाबानं फडकं क्षणभर उंच धरून दाखवलं, घडी घातली आणि शेजारच्या बादलीत टाकलं.

त्यानंतर काजवाली आली. तिच्यासाठीच मी आलो होतो.

ती आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या शिलाईच्या कारखान्यात काज करते. शर्टाच्या गुंड्यांसाठी भोकं पाडणारं मशीन तिच्याकडे असतं, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणतात. तिचा नवरा रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देतो, दोरखंडावर लोंबकळत. डोक्यावर बारा महिने टोपी. लग्नाला सहा वर्षं झालेली. दोन महिन्यांत तिनं माझ्याकडून उवांच्या शाम्पूच्या तीन बाटल्या नेल्या होत्या. तिसरी बाटली रंगाऱ्यानं गेल्याच आठवड्यात माझ्या काउंटरवर आणून आपटली.

"हे तिच्यावर चालत नाही," तो म्हणाला होता.

"का चालणार नाही? औषध आहे."

"बाबा म्हणतात, औषध किड्यावर चालतं, पापावर चालत नाही." एवढं बोलून तो निघून गेला. आवाज चढलेला नव्हता. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

खुर्चीत बसलेल्या काजवालीची टाळू मला खांबापासूनही दिसत होती. खाजवून खाजवून तिनं ती सोलून काढली होती, कानांमागे खपल्या धरल्या होत्या. बाबानं तेल लावलं. पाच मिनिटांनी त्यानं विचारलं, तशी ती नुसती रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिची खाज थांबली होती. रंगाऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाबानं दोघांना तेलाची छोटी बाटली दिली आणि सांगितलं, "थेंब-थेंब लावत जा. रविवारी पुन्हा या. त्याच्या आत खाज परतली तर मात्र तुम्हाला माझ्यापुढे उत्तर द्यावं लागेल."

मी गोदामाबाहेर आलो ते डोकं खाजवतच. खरं सांगायचं तर मला काही कळलं नव्हतं. माझा शाम्पू उवा मारतो, पण सोललेल्या टाळूची खाज तो पाच मिनिटांत थांबवू शकत नाही. उवा मेल्यावरही खाज काही दिवस राहते. मग या माणसाच्या वाडग्यात होतं तरी काय? मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी कुणाशी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी दुकानाचं निमित्त काढून गेलोही नाही.

बुधवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, काजवाली आली. डोक्याला रुमाल बांधलेला. तो तिनं सोडला. केस कानाच्या वर, वेडेवाकडे कापलेले.

"कुणी कापले?" मी विचारलं.

"मीच. कारखान्यातल्या कात्रीनं. म्हटलं उवा जातील." ती स्टुलावर बसली. "नाही गेल्या."

पुढचं तिनं जे सांगितलं ते दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगितलं. तेल दोन दिवसांत संपलं होतं. संपलं त्याच संध्याकाळी खाज परत आली. रविवारी बाबानं सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि विचारलं, तिसरं डोकं कुणाचं? ती म्हणाली, कुणाचंच नाही. बाबा म्हणाला, रक्त खोटं बोलत नाही, म्हणजे तू बोलतेस. नवरा शेजारीच उभा होता.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. टोपी नीट केली." ती काउंटरच्या काचेकडे बघत होती. "घरीसुद्धा काही बोलत नाही. जेवतो, भांडं घासून ठेवतो, वेगळं अंथरूण घालतो. मारलं असतं तर मीपण काहीतरी बोलले असते."

"आणि कारखाना?"

"बाबांनी सांगितलंय, हिनं नाव नाही सांगितलं तर बाकीच्या जोडप्यांचापण गुण उतरेल. मग बायका माझ्या शेजारी बसेनात, माझं मशीन त्यांनी रांगेबाहेर सरकवलं. सुपरवायझर म्हणाले, रविवारपर्यंत सुट्टी घे, नाव सांगून मोकळी हो, सोमवारी ये." ती थांबली. "काका, एक विचारू? तुम्ही शिकलेले आहात."

"विचार."

"आमच्या कारखान्यातले कटिंगमास्तर गेल्या वर्षी वारले. त्यांना बायको-पोरं नाहीत. त्यांचं नाव घेतलं तर कुणाला त्रास होणार नाही ना?"

मी हातातली औषधांची यादी खाली ठेवली.

"चांगले होते ते," ती म्हणाली. "रागावले नसते."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. कपड्यांच्या ढिगातून एक नग बाजूला काढावा तसं तिनं ते नाव बाजूला काढून ठेवलं होतं. मी इतकी वर्षं काउंटरमागे उभा आहे, कण्हणारी, ओरडणारी, शिव्या देणारी माणसं पाहिली आहेत. मला त्या दिवशी जितकी भीती वाटली तितकी त्यांच्यापैकी कुणाची वाटली नव्हती.

"ते तेल आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.

रविवारी बाबानं दुसरी बाटली दिली होती. तिनं ती पर्समधून काढली. मी वास घेतला. साधं खोबऱ्याचं तेल, पण त्याखाली कडवट, दवाखान्यात येतो तसा एक वास. बोटावर थेंब घेऊन खालच्या ओठाला लावला. हे करायला नको होतं, न ओळखलेलं औषध तोंडाला लावू नये हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असतो. पण लावलं. थोड्या वेळानं ओठ जड झाला. मग ओठ आहे की नाही हेच कळेना. मी दातांनी चावून पाहिलं. दुखलं नाही.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिला घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. तिथे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. बाई बोलायला फटकळ, हाताला हलक्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं, तेल स्वतःच्या जिभेच्या टोकाला लावलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

"भूल," त्या म्हणाल्या. बोलताना जीभ अडखळली. "दाताचे डॉक्टर हिरडीला लावतात तसली. चांगल्या कातडीतून उशिरा मुरते, पण हिची टाळू सोललेली आहे, तिथे लगेच उतरणार. चक्कर येते का गं तुला?"

"तेल जास्त लावलं की येते. कानात आवाज येतो. बाबा म्हणतात, पाप बाहेर पडतंय."

"पाप नाही, औषध आत जातंय. आजपासून एक थेंब लावायचा नाही." बाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं, केस ओले केले, मांडीवर पांढरा कागद पसरला आणि बारीक फणी मुळापासून ओढली. कागदावर चार उवा पडल्या आणि चालू लागल्या. "भूल उवांना नाही, तुला दिली होती. त्या मजेत आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शाम्पू दिला होतात ना? तीनदा? मग नवऱ्याचं काय केलंत?"

"नवऱ्याचं?"

"नवऱ्याचं डोकं कुणी पाहिलं?"

शाम्पूच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो. तो मी हजारदा हातात धरला आहे. त्यात लिहिलेलं असतं, एका अंथरुणात झोपणाऱ्या सगळ्यांची डोकी तपासा, एकाच दिवशी धुवा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा धुवा, कारण लिखा या औषधानं मरतातच असं नाही आणि आठवड्याभरात फुटतात. मी काजवालीला तीन बाटल्या दिल्या आणि तीनदा एवढंच म्हणालो, "दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका." तुमच्या उशीवर आणखी कुणाचं डोकं असतं हे एका तरुण बाईला विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही. माझ्या त्या सभ्यपणातून बाबाला गिऱ्हाईक मिळालं होतं.

"रविवारी जाऊ," बाई म्हणाल्या. "ज्यांच्यासमोर हिला उभं केलं त्यांच्यासमोरच सगळं होऊ दे."

रविवारी गोदाम गच्च भरलं. नाव ऐकायला माणसं आली होती. इलाज नको असलेलीही बरीच होती. रंगारी टोपी घालून एका बाजूला उभा. दोन इलाज आटोपले होते, आता काजवाली खुर्चीपाशी, रुमाल न बांधता.

"नाव आणलंस?" बाबानं माइकवरून विचारलं.

मला वाटलं आता ही कटिंगमास्तरांचं नाव घेणार. तिचे ओठ हललेही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

"बाबा, नावाआधी एक छोटं काम. तुमच्या तेलाचा गुण फार ऐकला. आम्हाला ते जरा ओठाला लावून बघायचंय."

"तेल डोक्याचं आहे!"

"ओठ काय पायाला असतात?"

मागे कुणीतरी हसलं. बाबा म्हणाला, अश्रद्ध माणसाच्या हाती तेल विष होतं. बाई म्हणाल्या, मग श्रद्धा असलेल्याच्या हाती देऊ. पुढच्याच रांगेत बेकरीवाला बसला होता, बाबाचा पहिल्या दिवसापासूनचा भक्त. मी काजवालीच्या बाटलीतला थेंब कापसावर घेऊन त्याच्यापुढे धरला. आपल्या बाबाचं तेल, घाबरायचं कशाला? त्यानं ऐटीत ओठाला फासलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"काय होतंय?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"काही नाही होत. गार लागतंय. जरा..." त्यानं ओठाला हात लावला. "अगं, ओथ कुथाय माझा?"

बायकोनं त्याचा ओठ चिमटीत धरून पिळला. "दुखतंय?"

"नाई."

"आता?"

"नाई म्हनलं ना!"

तिनं आणखी दोनदा पिळला. तेवढ्यानं खात्री झाली असावी, पण तिनं चौथ्यांदाही पिळला. गोदामात हशा पिकला. आणखी चार-पाच जणांनी हात पुढे केले, मी कापूस फिरवला, आणि थोड्याच वेळात पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांचे ओठ ओढून बघू लागली.

"हे भुलीचं औषध आहे," डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवून सांगितलं. "दात काढण्याआधी हिरडीला लावतात. मग दात दुखत नाही. म्हणजे दात नाहीसा होतो का? तो जागच्या जागी असतो, फक्त तुम्हाला कळत नाही. तुमच्या उवाही जागच्या जागी आहेत."

"खोटं!" बाबा ओरडला. "इथल्या बायकांच्या डोक्यांवरून मी स्वतः उवा काढल्या! सगळ्यांनी पाहिल्या!"

तेव्हा मी पुढे झालो. बादलीत हात घालून मी एक फडकं काढलं आणि पसरलं. खिशात भिंग आणलं होतं. "उवेला सहा पाय असतात," मी म्हणालो. "यांना एकही नाही." दोन ठिपके बोटांत चुरडले, बोटं तांबूस झाली. बेकरीवाल्याच्या बायकोच्या नाकापाशी धरली.

"अगंबाई," ती म्हणाली, "चहा!"

चहाची भुकटी तेलात भिजवून फणीच्या दातांत भरलेली होती, एवढंच. फडकं लांबून दाखवायचं आणि लगेच बादलीत टाकायचं.

बेकरीवाल्याची बायको स्वतःहून खुर्चीत बसली. दोन आठवडे ती बरी होती, रोज दोन वेळा तेल लावत होती. डॉक्टरीणबाईंनी केस ओले केले, पांढरा कागद धरला, फणी ओढली. कागदावरच्या उवा तिनं पाहिल्या, तिच्या नवऱ्यानं पाहिल्या, मागच्या लोकांनी बाकांवर चढून पाहिल्या.

"पण मला खाजच नाही!" ती म्हणाली.

बाबानं तेवढ्यातही हात वर केला. "तिसरं डोकं! इथेही तिसरं डोकं!"

"कुनाचं तिचरं दोकं?" बेकरीवाला उठला. ओठ बधिर होता, राग नव्हता. "माझ्या बायकोला काय बोल्लाच?"

हाच माणूस आठवड्यापूर्वी काजवालीकडे बोट दाखवून हसला होता, हे तिनंच मला सांगितलं होतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"आता नवऱ्यांनी टोप्या काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. बाई रंगाऱ्यापाशी गेल्या. "तुम्ही या."

"मला कशाला? मला खाज नाही."

"खाज आहे का हे मी विचारलं नाही. या."

तो खुर्चीत बसला. टोपी काढली. केस दाट, मानेपर्यंत आलेले. बाईंनी कागद त्याच्या मांडीवरच पसरला, म्हणजे त्याला दिसावं. पहिल्यांदा फणी ओढली तेव्हा तीन पडल्या. मग दोन. मग पाच. मग चार. तो मोजत होता की नाही माहीत नाही, मी मोजत होतो. चौदा भरल्या.

"मला खरंच खाज नाही," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी हळू.

"काहींना येत नाही. काहींना महिन्या-दीड महिन्यानं येते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. तुमच्या बायकोनं तीनदा डोकं धुतलं. ती तीनदा स्वच्छ झाली आणि तीनदा तुमच्या शेजारी झोपली." बाईंनी फणी पुसली. "हे दुसरं डोकं."

रंगारी कागदाकडे बघत राहिला.

"आता तिसऱ्याचं बघू," बाई म्हणाल्या आणि काजवालीकडे वळल्या. "आठवून सांग. हे सुरू व्हायच्या आधी, महिन्याभरात, कुणाचं डोकं तुझ्या डोक्याला लागलं होतं? कुणीही."

काजवालीनं सगळं गोदाम एकदा पाहून घेतलं. असा प्रश्न तिला इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी नाव विचारलं होतं.

"भाची आली होती," ती म्हणाली. "बहिणीचं ऑपरेशन होतं तेव्हा. आठ दिवस. रोज माझ्या गळ्यात हात टाकून झोपायची."

"वय?"

"सहा."

"डोकं खाजवायची?"

"खूप. मला वाटलं नवीन घर म्हणून रुळत नाहीये."

ज्या डोक्याचं नाव ऐकायला दोनशे माणसं आली होती, ते डोकं दोन वेण्यांचं होतं आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, हे काजवालीनं नंतर सांगितलं.

मी माइक घ्यायला गेलो तेव्हा तो टेबलावर एकटाच पडलेला होता. मागचं दार उघडं होतं. बाबानं वाडगा नेला, फणी नेली, खुर्ची राहिली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी रीतसर तक्रार दिली. हा गृहस्थ एका दाताच्या दवाखान्यात पूर्वी हत्यारं धुवायच्या कामाला होता, असं चौकशीत कळलं. भुलीच्या बाटल्या त्यानं तिथेच ओळखीच्या करून घेतल्या होत्या.

मी माइकवर जे बोललो ते छोटं होतं. "या बाईंना मी तीन बाटल्या विकल्या आणि नवऱ्यासाठी एकही दिली नाही. विचारलंसुद्धा नाही. चूक माझी आहे." आवाज माझा मलाच परका वाटत होता. मग रंगारी उठला. त्याला माइक दिला, त्यानं घेतला नाही. बायकोपुढे उभा राहून म्हणाला, "माझ्याच डोक्यातल्या होत्या." मग टोपी त्यानं खिशात कोंबली.

काजवालीनं ऐकलं. मान हलवली. ती ना हसली, ना रडली, ना रागावली. सगळ्यांना वाटत होतं आता हिला मोकळं वाटेल. मलाही वाटत होतं.

त्या संध्याकाळी दोघांनी एकाच वेळी डोकी धुतली. शाम्पू दहा मिनिटं ठेवला, धुतला, ओल्या केसांतून फणी काढली. उशांच्या खोळी, टोपी, टॉवेल गरम पाण्यात. भाचीच्या घरीही तिच्या आईबापांसकट सगळ्यांची डोकी तपासली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. पहिल्याच सोमवारी कारखान्यातल्या बायकांनी काजवालीचं मशीन परत आपल्या रांगेत ओढून घेतलं. तिनं ओढू दिलं आणि कामाला बसली.

महिन्याभरानं ती दुकानात आली. केस जरा वाढले होते, टाळू भरून आली होती.

"खाज?"

"गेली."

"आणि घरी?"

"घरी ठीक आहे." तिनं विचार केला. "काका, तो चांगला वागतो. चहा करून देतो. मला नुसतं काही वाटत नाही. राग येईल म्हणून वाट बघते, तोही येत नाही."

मी म्हणालो, येईल हळूहळू. ते औषधवाल्याचं बोलणं होतं, मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"दर रविवारी मी त्याचं डोकं बघते," ती म्हणाली. "त्याला खिडकीत बसवते, मांडीवर पांढरा कागद देते आणि फणी फिरवते. काही निघत नाही. तरी कागद त्याच्यापुढे धरते. म्हणते, बघ. आधी बघ, मग बोल."

"तो काय म्हणतो?"

"बघतो. खूप वेळ बघतो."

ती भाचीसाठी एक बारीक फणी घेऊन गेली.

ही गोष्ट मी सांगतोय ती बाबा पळाला म्हणून नाही. दुसरं गोदाम, दुसरा अंगरखा, त्याला मिळेल. मी सांगतोय कारण कागदाच्या एका तुकड्यावर जे दिसलं असतं ते बघायला आम्हाला कुणाला सुचलं नाही, आणि तोवर एक बाई मेलेल्या भल्या माणसाचं नाव घ्यायला तयार झाली होती. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. खाज नाही म्हणजे ऊ नाही असंही नसतं. कुणी तुमच्या घरातल्या माणसाचं पाप दाखवायला लागला तर त्याला आधी वाडग्यात काय आहे ते विचारा. घरात एकाच्या डोक्यात उवा निघाल्या तर लाज बाजूला ठेवून सगळ्यांची डोकी उजेडात तपासा, एकाच दिवशी औषध लावा, आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा लावा. यात कुणाची अब्रू जात नाही. काजवालीची गेली होती ती उवांमुळे नव्हे, न बघता बोललेल्या माणसांमुळे. त्या माणसांत, न बोलता उभा राहिलेला, मीही होतो.